गॅल्व्हेस्टनच्या खाडीत गाईडबरोबर ट्राउट, रेडफिश आणि फ्लाउंडर: तारीख कोणती धरावी आणि गाईडला काय सांगावे?

संथपाणी:

नमस्कार. आम्ही ह्यूस्टनला राहतो. माझे वडील ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येथे येत असून डिसेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत. त्यांचे वय ६८ आहे. तरुणपणी त्यांनी खाडीत पुष्कळ गरवले आहे आणि इथल्या पाण्यातही एकदा गळ टाकून पाहावा, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. ते, मी आणि माझी १२ वर्षांची मुलगी असे तिघे जण गाईडची बोट ठरवून गॅल्व्हेस्टनच्या खाडीत जाण्याचा विचार करत आहोत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मला सुट्टी असते, म्हणून तेव्हाचीच तारीख धरावी असे मनात आहे.

गेल्या मे महिन्यात मी आणि मुलगी अशाच एका सहलीला गेलो होतो. मासे चांगले मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु गाईडने प्रत्येक वेळी स्वतःच कोळंबी लावली, स्वतःच गळ फेकला, मासा लागला की रॉड मुलीच्या हातात दिला आणि तिने फक्त रीळ फिरवले. पाच तासांत आम्ही सात-आठ ठिकाणी थांबलो, पण तिथेच का थांबलो हे शेवटपर्यंत कळले नाही. परतताना गाडीत मुलीने विचारले, "बाबा, मासे आपण पकडले की त्यांनी?" मला उत्तर देता आले नाही आणि तो प्रश्न अजून मनातून गेलेला नाही.

म्हणून या वेळी आधी नीट विचारून मगच बोट ठरवायची आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा योग्य आहे का, ट्राउट, रेडफिश आणि फ्लाउंडर हे तिन्ही मासे एकाच दिवशी मिळावेत अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे का, आणि गाईड ठरवताना त्याच्याशी नेमके काय बोलावे? परवान्यांबद्दलही कोणी सांगितले तर मदत होईल.

ओहोटीवाट:

आधी तारखेचे बोलू, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. टेक्सासमध्ये १ नोव्हेंबरपासून १४ डिसेंबरपर्यंत फ्लाउंडरचा हंगाम बंद असतो. त्या काळात तो गळाला लागला तरी सोडून द्यावा लागतो, ठेवता येत नाही. थँक्सगिव्हिंगचा आठवडा बरोबर या बंदीच्या मध्यावर येतो. तिन्ही मासे हवे असतील तर तुमची सुट्टी बाजूला ठेवून ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंतचा एखादा दिवस शोधावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ही बंदी २०२१ पासून लागू आहे आणि तिच्यामागचे कारण वडिलांना व मुलीला आवर्जून सांगण्यासारखे आहे. शरद ऋतूत पाणी गार होऊ लागले की मोठे फ्लाउंडर अंडी घालण्यासाठी खाडी सोडून मेक्सिकोच्या आखातात जातात. खाडीतून समुद्रात जाण्याचे मार्ग थोडे आहेत. एक बोलिव्हर रोड्सचा, जिथून मोठी जहाजे आत येतात, आणि दुसरा गॅल्व्हेस्टन बेटाच्या पश्चिम टोकाचा सॅन लुईस पास. सगळे मासे या अरुंद मुखांतून जातात आणि तिथेच गळ टाकणाऱ्यांची दाटी होते. आता दुसरी गोष्ट पाहा. ठेवण्याजोगा फ्लाउंडर निदान १५ इंचांचा असावा लागतो आणि या जातीतले नर क्वचितच तेवढे मोठे होतात. म्हणजे त्या काळात बादलीत पडणारा जवळजवळ प्रत्येक मासा ही अंडी घेऊन समुद्राकडे निघालेली मादी असते. त्यात भर म्हणजे या माशाची पिल्ले नर होणार की मादी, हे काही अंशी ती ज्या पाण्यात वाढतात त्याच्या तापमानावर ठरते आणि पाणी प्रमाणाबाहेर कोमट असेल तर नरांचे प्रमाण वाढते. खाडीचे पाणी तापत चालले असताना माद्यांना सहा आठवडे मोकळी वाट देणे मला अगदी योग्य वाटते. मी स्वतः ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही मोठा फ्लाउंडर ठेवत नाही; पण हा माझा वैयक्तिक निर्णय आहे, नियम नव्हे.

ऑक्टोबर सुचवण्याचे कारण केवळ ही बंदी नाही. त्या दिवसांत पांढरी कोळंबी काठच्या गवताळ दलदलीतून निघून खाडीमार्गे समुद्राकडे सरकते. ट्राउटचे थवे तिला खालून वर रेटतात, ती पृष्ठभागावर उड्या मारते आणि तिच्यावर समुद्रपक्षी तुटून पडतात. पक्ष्यांचा गोंधळ दिसला की चांगला गाईड इंजिन बरेच अलीकडे बंद करतो आणि वाऱ्याच्या दिशेने बोट वाहू देत थव्याच्या कडेला आणतो. थव्यातून थेट बोट नेली तर दोन मिनिटांत सगळे शांत होते. पक्षी नसतील तेव्हा पाण्यावरच्या तेलकट, गुळगुळीत डागांकडे पाहावे. खाली ट्राउट खात असताना खाल्लेल्या भक्ष्यातले तेल वर येते आणि असा डाग तयार होतो. वारा तुमच्याकडे असेल तर कलिंगड कापल्यासारखा वास येतो. मी पहिल्यांदा हा वास घेतला तेव्हा कोणीतरी बोटीवर फळ कापत असेल असे मला वाटले होते. डाग जितका लहान आणि कडा जितक्या स्पष्ट, तितका तो ताजा आणि मासे तितके जवळ. मोठा, पसरलेला डाग वाऱ्याने दूर वाहून आलेला असतो. तुमच्या मुलीला त्या दिवशी एवढे जरी ओळखता आले, तरी बोट कुठे आणि का थांबली हे तिला कोणाला विचारावे लागणार नाही.

एक गैरसमजही दूर करतो. इथल्या ट्राउटचा नदीतल्या ट्राउटशी काही संबंध नाही. ठिपकेवाला ट्राउट आणि रेडफिश हे दोघेही आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातले आहेत. या कुळातले मासे हवेच्या पिशवीवरचे स्नायू थरथरवून गुरगुरल्यासारखा आवाज काढतात. रेडफिश बोटीत आल्यावर तो आवाज हाताला जाणवतो आणि तुमचे वडील तो ओळखतील, अशी माझी खात्री आहे.

तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. ट्राउटचे तोंड अतिशय नाजूक असते; गळ लागल्यावर जोराने हिसका दिला तर तो ओठ फाडून सुटतो, म्हणून दोर ताठ ठेवून सावकाश ओढावा आणि शेवटी जाळीच वापरावी. रेडफिश वेस्ट बेच्या, म्हणजे बेटामागच्या पश्चिमेकडील खाडीच्या काठाने, गवताच्या कडेला गुडघाभर पाण्यात खेकडे आणि कोळंबी शोधत फिरतो. तो डोके खाली घालून चरत असला की शेपटी पाण्याबाहेर येते आणि शेपटीच्या मुळाशी असलेला काळा ठिपका उन्हात स्पष्ट दिसतो. अशा वेळी बोटीत झाकण आपटले तरी तो निघून जातो. फ्लाउंडर तळाशी गाळात अंग बुडवून पडून राहतो. त्याचे दोन्ही डोळे डाव्या बाजूला असतात आणि तीच बाजू वर असते. ओहोटीला दलदलीतून लहान ओहोळ खाडीत उतरतात, त्यांच्या मुखाशी तो वाट पाहत असतो. तिथे लहान बोय किंवा रबरी आमिष तळाला घासत अगदी हळू ओढावे लागते. त्याचा चावा म्हणजे झटका नसतो, ओले फडके अडकावे तसा नुसता जडपणा येतो. तेव्हा लगेच न ओढता तीन-चार अंक मोजावेत, त्याला आमिष तोंडात नीट घेऊ द्यावे आणि मग रॉड उचलावा. वडिलांची सवय जुन्या गरीची असेल तर कदाचित हा मासा तिघांत त्यांनाच आधी मिळेल.

शेवटी वाऱ्याबद्दल. इथली भरती-ओहोटी लहान असते, पाण्याचा चढउतार बहुधा फूट-दोन फुटांचा, आणि पुष्कळ दिवस चोवीस तासांत एकच भरती व एकच ओहोटी येते. त्यामुळे पंचांग पाहून ठरवण्याची वडिलांची पद्धत इथे पुरी पडणार नाही. उत्तरेची थंड हवा आली की वारा खाडीतले पाणीच समुद्राकडे ढकलतो आणि काठची चिखलपट्टी उघडी पडते. अशी हवा येण्याच्या आदल्या दिवशी मासे उत्तम खातात. ज्या दिवशी ती पोचते त्या दिवशी बोट नेऊच नये आणि नंतर एक-दोन दिवसांनी मासे खोल खाचांत गोळा झालेले सापडतात. म्हणून गाईडकडून एक नव्हे, दोन तारखा घेऊन ठेवा.

मीठवारा:

वरच्या उत्तरात पाण्याबद्दल सगळे आले आहे, त्यामुळे मी गाईडपुरते लिहितो.

मे महिन्यात जे घडले त्यात गाईडचा दोष मानण्याआधी एक लक्षात घ्यावे की बहुतेक गिऱ्हाईक "मासे भरपूर मिळतील ना?" एवढेच विचारते आणि तो त्या प्रश्नाला उत्तर देत असतो. नवख्या माणसाने गळ फेकला तर तासाला दोन मासे, गाईडने स्वतः फेकला तर सहा, हे त्याला माहीत असते. म्हणून फोनवर पहिल्याच मिनिटाला सांगा की आमिष आम्ही लावणार, गळ आम्ही फेकणार, मासे कमी मिळाले तरी चालतील, परंतु प्रत्येक थांब्यावर इथे का थांबलो हे मुलीला सांगायला हवे. हे ऐकून जो गाईड पुढचे प्रश्न विचारू लागेल, म्हणजे मुलीने कोणते रीळ वापरले आहे, आजोबांना किती वेळ उभे राहता येते, तो तुमचा माणूस. जो फक्त "काही काळजी करू नका" म्हणेल, त्याला नम्रपणे नकार द्यावा. मी गेल्या नऊ वर्षांत चार गाईडांबरोबर गेलो आहे आणि ज्याच्याकडून सर्वांत अधिक शिकलो, त्याने पहिल्या फोनवर मला माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले होते.

त्याच्याकडे कोस्ट गार्डचा कॅप्टनचा परवाना आणि राज्याचा गाईड परवाना आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. खाडीत गाईडचे काम करणाऱ्यांकडे बहुधा सहा प्रवाशांपर्यंतचा परवाना असतो, पण बोटीत सहा जण बसू शकतात म्हणून सहा जण गळ टाकू शकत नाहीत. तिघे ही उत्तम संख्या आहे. पाण्यात उतरून, कमरेइतक्या पाण्यात चालत मासे पकडण्याची पद्धत इथे फार लोकप्रिय आहे. ती आजोबांसाठी घेऊ नका, बोटीतूनच करायचे असे आधी सांगा. चिखलात पाय रुततो आणि तळाशी पाकटही, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, असतात. त्यांच्यामुळे पाय न उचलता घासत चालावे लागते. ६८ व्या वर्षी पहिल्याच दिवशी तो व्याप नको.

परवान्यांचे असे आहे की टेक्सासमध्ये गाईडच्या परवान्यात प्रवाशांचा परवाना येत नाही. फ्लोरिडात येतो, म्हणून तिकडे जाऊन आलेल्या लोकांचा इथे गोंधळ होतो. १७ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, त्यामुळे मुलीचा प्रश्न नाही. वडील पाहुणे असल्याने त्यांना परराज्यातल्या माणसाचा एका दिवसाचा परवाना घ्यावा लागेल, तो १६ डॉलरला मिळतो. तुम्ही इथले रहिवासी असल्याने तुमचा एका दिवसाचा ११ डॉलरला मिळेल. दोन्ही आदल्या दिवशी घेऊन ठेवा, कारण पहाटे साडेपाचला धक्क्यावर फोनला रेंज मिळेलच असे नाही.

बक्षिसी १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे आणि मासे साफ करून देणे बहुधा त्याच्या कामात धरलेले असते, तरी ते विचारून घ्यावे.

कालवंकाठ:

मी या खाडीवर वीस वर्षे जात आहे आणि "एकाच दिवशी तिन्ही" या अपेक्षेबद्दल थोडे वेगळे मत मांडते. टेक्सासमध्ये याला स्लॅम म्हणतात आणि पुष्कळ गाईड ते वचन म्हणून देतात. ऑक्टोबरमध्ये ते शक्य आहे, यात शंका नाही. पण दुपारी बारा वाजता दोन जाती झालेल्या असतील आणि तिसरीसाठी बोट अर्धी खाडी ओलांडून धावू लागली, तर मुलीला त्या तासाभरात इंजिनाच्या आवाजाशिवाय काहीही मिळत नाही. माझा सल्ला असा की गाईडला पूर्वेकडच्या कालवांच्या खडकांवर किंवा वेस्ट बेच्या गवताळ काठावर, यांपैकी एकाच भागात दिवस घालवायला सांगावे. वेस्ट बे निवडल्यास तिन्ही मासे एकमेकांपासून फार दूर नसतात. मिळाले तर आनंदच आहे.

आमिषाबद्दलही सांगते. पहिला तास जिवंत कोळंबी आणि तिच्यावर पॉपिंग कॉर्क, म्हणजे खेचल्यावर पाण्यात खळकन आवाज करणारे बूच, एवढेच ठेवा. तो आवाज माशांना दुसरा मासा खात असल्यासारखा वाटतो आणि ते पाहायला येतात. बूच बुडताना मुलीला डोळ्यांनी दिसते, त्यामुळे चावा म्हणजे काय हे तिला लगेच कळते. एक-दोन मासे तिच्या हाताने आले की रबरी आमिषावर यावे, कारण तिथे डोळे उपयोगाचे नसतात, दोरावरचे बोट सांगते ते ऐकावे लागते. जिवंत आमिषाला गोल वळलेला सर्कल हुक मागून घ्या. तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही, आणि सोडायचा मासा जगतो.

सोडावे पुष्कळ लागतात, आणि त्यासाठी मन आधी तयार असावे. ट्राउट साधारणपणे १५ ते २० इंचांमधला ठेवता येतो आणि माणशी दिवसाला ३. ही मर्यादा २०२४ मध्ये आली. पूर्वी माणशी ५ होते आणि वरची मर्यादा २५ इंचांची होती. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासच्या किनाऱ्यावर निदान ३८ लाख मासे थंडीने मेले. त्या आठवड्यानंतर मी काठावर गेले होते. उथळ पाण्यात पांढरी पोटे वर करून पडलेले ट्राउट हाताने मोजता येण्यापलीकडे होते आणि त्यांत वीस इंचांवरच्या माद्याही होत्या. त्याच माद्या सर्वांत अधिक अंडी घालतात. म्हणून वरची मर्यादा खाली आणली तेव्हा माझ्या ओळखीतले काही जण नाराज झाले, मी झाले नाही.

रेडफिश २० ते २८ इंचांमधला, माणशी ३. यामागेही असाच विचार आहे: तो पहिली तीन-चार वर्षे खाडीत वाढतो आणि साधारण २८ इंचांच्या सुमारास समुद्रात जाऊन पुढे कित्येक दशके, चाळीस वर्षांपर्यंतही, अंडी घालत राहतो. १९८० च्या दशकात काळ्या मसाल्यात भाजलेल्या रेडफिशची देशभर मागणी झाली आणि आखातातले हे मोठे मासे जाळ्यांनी बेसुमार उपसले गेले. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, स्थानिक रेडफिश आणि ट्राउटची विक्री बंद केली होती. आज तुमची मुलगी जो रेडफिश पाहील, तो त्या निर्णयामुळे आहे असे मी मानते.

सोडताना हात ओले करावेत, मासा फडक्यात धरू नये, गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता दोर कापावा. आणि दोन गोष्टी माणसांसाठी. मुलगी १३ वर्षांखालील असल्याने लहान बोट चालू असताना तिने लाइफ जॅकेट घालणे कायद्याने आवश्यक आहे. तिच्या मापाचे घरून न्या, बोटीवरचे बहुधा मोठे असते. वडिलांना मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल अथवा हाता-पायावर जखम असेल, तर खाडीच्या पाण्यापासून ती जखम पूर्ण झाकून ठेवा. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात आणि अशा माणसांत त्यांचा संसर्ग फार वेगाने पसरतो. काटा लागला तर लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे. नंतर लाली, सूज किंवा ताप दिसला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

संथपाणी:

तिघांचेही मनापासून आभार. वडिलांशी काल फोनवर बोललो. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे शेवटची सूचना फार मोलाची ठरली. ते बोटीतच बसतील आणि आमिष हाताळताना हातमोजे घालतील. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस रजा काढली आहे आणि पुढच्या आठवड्यातला एक दिवस राखीव ठेवला आहे.

आज एका गाईडशी बोललो. वर तुम्ही सुचवल्याप्रमाणे मी सुरुवात करताच त्याने विचारले, मुलगी उजव्या हाताने रीळ फिरवते की डाव्या? मला सांगता येईना, म्हणून तिलाच फोन दिला. पुढची दहा मिनिटे तेच दोघे बोलत होते. तिने वहीत लिहून घेतले आहे की वेस्ट बेमध्ये दिवस काढायचा, पक्षी दिसले तर आधी तिने सांगायचे आणि मासा मोजण्याचे काम तिचे राहील. त्यावरून एक शेवटची शंका: मोजमाप नेमके कुठून कुठपर्यंत धरतात? शेपटी पसरलेली की मिटलेली?

ओहोटीवाट:

मासा पट्टीवर आडवा, कुशीवर ठेवायचा, तोंड बंद करून नाकाचे टोक पट्टीच्या शून्यावर टेकवायचे आणि शेपटीची दोन्ही टोके चिमटीत एकत्र आणून किंवा शेपटी फिरवून जी सर्वाधिक लांबी मिळेल ती धरायची. फ्लाउंडरची शेपटी गोलसर असते, तिथे फरक थोडा पडतो. रेडफिशच्या बाबतीत चिमटीमुळे मासा मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे हे बदलू शकते. पट्टी आधी खाडीच्या पाण्याने ओली करून घ्यायला तिला सांगा, कारण उन्हात तापलेल्या कोरड्या पट्टीवर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. आणि मासा मर्यादेच्या रेषेवरच आहे, नक्की सांगता येत नाही असे झाले, तर तो सोडावा.